पहाटेच येणारा, सेवा केंद्रात गप्प बसणारा गाडीचा आवाज: वॉरंटीत दुरुस्त कसा करून घ्यावा?

निफाडची_वाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्या पेट्रोल हॅचबॅक गाडीची मूळ वॉरंटी पुढील महिन्याच्या अखेरीस संपत आहे. गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने येणाऱ्या एका आवाजाचा निकाल त्याआधी लागावा, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी नाशिकला राहते आणि नोकरीसाठी रोज पहाटे निफाडच्या दिशेने निघते. हिवाळ्यात निफाड परिसरात पारा किती खाली उतरतो, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. नेमका त्याच वेळी, गाडी सुरू केल्यापासून पहिल्या काही किलोमीटरांत, डाव्या चाकाच्या वरच्या अंगाने "टक्… टक्-टक्" असा कोरडा आवाज येतो. वेग ताशी वीस ते तीस किलोमीटर असताना डावे चाक डांबराच्या ठिगळावरून किंवा उथळ खड्ड्यातून गेले की तो हमखास ऐकू येतो. गतिरोधकावर मात्र तो येत नाही. मोठ्या रस्त्याला लागून वेग वाढल्यावर तो ऐकू येईनासा होतो आणि दुपारी परतताना तर औषधालाही सापडत नाही.

सेवा केंद्र उघडून माझा क्रमांक लागेपर्यंत ऊन चांगलेच वर आलेले असते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर स्वतः रोड टेस्ट घेतात, समोरच्या रस्त्यावरच्या गतिरोधकावरून गाडी नेऊन आणतात आणि आवाज येत नसल्याचे सांगतात. ते खोटे बोलत नाहीत, कारण त्या वेळी शेजारी बसलेल्या मलाही तो ऐकू येत नाही. एका भेटीत गाडी लिफ्टवर चढवून खालचे सगळे नट घट्ट केले. दुसऱ्या वेळी रबरांवर कसला तरी स्प्रे मारला, त्यानंतर थोडे दिवस शांततेत गेले आणि आवाज पुन्हा सुरू झाला. प्रत्येक जॉब कार्डावर (सेवा केंद्राच्या कामाच्या नोंदपत्रावर) "जनरल चेकअप" किंवा "नॉइज चेक, ओके" एवढेच लिहिलेले आहे. शेवटच्या भेटीत तर हा या मॉडेलचा नॉर्मल आवाज आहे, असे तोंडी सांगून गाडी परत दिली.

जो आवाज त्यांच्यासमोर येतच नाही, तो त्यांना ऐकवायचा कसा? दुरुस्ती होण्यापूर्वीच वॉरंटी संपली, तर आधीच्या तक्रारींना काही किंमत उरते का? आणि एवढ्या लहान दिसणाऱ्या दोषासाठी ग्राहक कायद्याचा आधार घेणे योग्य ठरेल का?

डोंबिवलीचा_चालक

सेवा केंद्राकडे पुन्हा जाण्यापूर्वी गाडी पूर्ण रिकामी करून एकदा चालवून पाहावी. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनीचा मधला बोल्ट, ग्लोव्ह बॉक्समधील वस्तू, दाराच्या कप्प्यातली बाटली, मागच्या सीटचे लॉक आणि रिकाम्या सीटच्या बेल्टचे बकल या सर्वांतून टकटक येऊ शकते, आणि बंद गाडीत आवाजाची दिशा ओळखताना कान सहज फसतो. आपला आवाज थंडीशी बांधलेला असल्याने तो सुट्या वस्तूंचा असण्याची शक्यता कमी वाटते. तरीही "मॅडम, जॅक वाजत असेल" असे म्हणायला त्यांना जागा राहू नये, एवढ्यासाठी हे करून ठेवावे आणि तसे लेखी नमूद करावे.

जुना_फोरमन

ताई, माझे बहुतेक आयुष्य वर्कशॉपच्या फ्लोअरवर गेले आहे, त्या आधारावर थोडे सविस्तर लिहितो.

आपण अगदी सहज लिहिलेले एक वाक्य मेकॅनिकच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे: एका चाकाला ठिगळ लागले की आवाज येतो, गतिरोधकावर येत नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा एक वाकवलेला पोलादी दांडा असतो, त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. हल्लीच्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांत त्याची दोन्ही टोके छोट्या लिंक रॉडने स्ट्रटला, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळकांड्याला, जोडलेली असतात. गाडी गतिरोधकावर सरळ चढते तेव्हा दोन्ही चाके एकदम वर उचलली जातात, दांडा आपल्या बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यांमध्ये, नुसता फिरतो आणि लिंकवर फारसा भार येत नाही. एकच चाक खड्ड्यात उतरले की दांड्याला पीळ बसतो, लिंकच्या टोकाचा बॉल-जॉइंट क्षणात एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे ओढला जातो आणि त्यात केसभर ढिलाई असली तरी आपण लिहिला आहे तसाच कोरडा "टक्" उमटतो. थंडीत रबर कडक होते, जॉइंटमधील ग्रीस घट्ट होते, त्यामुळे जो धक्का दुपारी दबून जातो तो पहाटे बॉडीपर्यंत पोहोचतो. अ‍ॅडव्हायझर आपली गाडी गतिरोधकावरून सरळ नेतात, म्हणजे ज्या चाचणीत हा आवाज येणारच नाही तीच चाचणी ते दर वेळी करत आहेत. त्यांना गतिरोधक तिरका घ्यायला सांगा, म्हणजे आधी डावे चाक चढेल आणि मग उजवे. वेग पायी चालण्याइतका ठेवावा, काचा खाली कराव्यात आणि पंखा व रेडिओ बंद असावा.

लिफ्टचीही तीच गोष्ट आहे. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की चाके लोंबकळतात. दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्याने दांड्याला पीळ राहत नाही, लिंक एका बाजूला ताणून बसते आणि मेकॅनिकने हाताने हलवून पाहिली तरी ती घट्टच लागते. म्हणून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहील अशा ठिकाणी, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टवर किंवा पिटवर (खाली माणूस उभा राहू शकेल अशा खड्ड्यावर), घ्यायला हवी. एकाने गाडी वरून दाबून डोलवायची आणि दुसऱ्याने खालून लिंकच्या जॉइंटवर बोटे टेकवायची. कानाला न कळणारा धक्का बोटांना स्वच्छ कळतो. यातूनही खात्री झाली नाही, तर दोन्ही लिंक सोडवून, त्या बाजूला बांधून, वर्कशॉपच्या आवारातच गाडी अगदी हळू फिरवून पाहतात. आवाज थांबला तर शोध तिथेच संपतो. ही चाचणी प्रशिक्षित माणसानेच करावी, रस्त्यावर नेऊन करू नये.

दोष लिंकचाच आहे असे मी येथून बसून ठरवत नाही. स्ट्रटच्या माथ्यावरचे माउंटिंग आणि त्यातील बेअरिंग हाही तेवढाच मोठा संशयित आहे. गाडी उभी असताना एकाने स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने कॉइल स्प्रिंगवर तळहात ठेवावा. स्प्रिंग एकसारखी न फिरता अडकून मग झटक्याने सुटत असेल, तर बेअरिंग जड झाले आहे. ठिगळावरून जाताना ब्रेकवर हलका पाय ठेवल्याबरोबर टकटक थांबत असेल, तर ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये ढिले आहेत. ब्रेक लावताना आणि सोडताना प्रत्येकी एकच ठोका येत असेल, तर लोअर आर्मचे बुश पाहावे लागते. स्टेअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर कटकट येत असेल, तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. ठोका कानापेक्षा हातांना अधिक जाणवत असेल, तर स्टेअरिंगचा रॅक किंवा कॉलम. यांतले कोणते लागू पडते आणि कोणते पडत नाही, हे आपण स्वतः रस्त्यावर सुरक्षितपणे पाहू शकता, आणि "पडत नाही" हे उत्तरही मेकॅनिकच्या तितकेच उपयोगाचे असते.

त्या स्प्रेविषयी बोलायलाच हवे. आवाज कोणत्या रबराचा आहे हे ओळखण्यासाठी एकेका बुशवर पाणी किंवा सिलिकॉन मारून पाहणे, ही चाचणी म्हणून योग्य रीत आहे. पण सगळीकडे स्प्रे मारून गाडी ग्राहकाच्या हवाली करणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत, कारण त्याने दोष तसाच राहतो आणि वॉरंटीचे दिवस मात्र निघून जातात. खनिज तेलाचा स्प्रे असेल तर नैसर्गिक रबर फुगून खराब होते, ते वेगळेच. यापुढे आवाज सापडेपर्यंत कोठेही स्प्रे मारू नये, असे जॉब कार्डावर लिहून घ्या.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. आदल्या संध्याकाळी गाडी सेवा केंद्रात उभी करा, रात्रभर ती उघड्यावर राहू द्या, आणि सकाळी तिचे पहिले स्टार्टिंग तंत्रज्ञ व आपण दोघे गाडीत बसल्यावरच व्हावे अशी अट घाला. त्यासाठी अ‍ॅडव्हायझरशी न बोलता थेट वर्क्स मॅनेजरची आगाऊ वेळ घ्या. अ‍ॅडव्हायझरच्या हातात दिवसाला कितीतरी गाड्या असतात आणि त्याच्याकडे मेकॅनिकला लवकर बोलावण्याचा अधिकार नसतो. तक्रारीच्या रकान्यात "नॉइज" हा एकच शब्द लिहिला तर मेकॅनिकला त्यातून काहीही कळत नाही. असा मजकूर सांगा आणि तो तसाच लिहिला आहे हे वाचूनच सही करा:

"रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, पहिल्या काही किलोमीटरांत, ताशी २० ते ३० किमी वेगाला, डावे पुढचे चाक एकटे ठिगळावरून किंवा खड्ड्यातून गेल्यास डाव्या स्ट्रटच्या बाजूने टक् असा ठोका येतो. दोन्ही चाके एकदम चढल्यास येत नाही. गाडी तापल्यावर कमी होतो. ग्राहकासह कोल्ड स्टार्ट रोड टेस्ट घ्यावी. स्टॅबिलायझर लिंक व स्ट्रट माउंटिंग चाकांवर भार असताना तपासावे."

निफाडची_वाट

काका, आपल्या उत्तराबद्दल मनापासून आभार. आज पहाटे वसाहतीच्या फाटकाजवळचा गतिरोधक तिरका घेऊन पाहिला आणि आवाज लगेच आला. तोच गतिरोधक पुन्हा सरळ घेतला, तर आला नाही. ब्रेकवर पाय ठेवून पाहिले, काही फरक पडला नाही. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवायला यजमानांना सांगितले होते. त्यांना एकदा किंचित झटका जाणवला, पण त्याची ते खात्री देत नाहीत. डिकी आणि कप्पे आधीच रिकामे केले होते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, पण त्यात इंजिनाची घरघर मोठी आणि ठोका पुसट येतो. वर्क्स मॅनेजरची वेळ मागण्यासाठी ईमेल पाठवला आहे. कायद्याच्या बाजूनेही कोणी मार्गदर्शन केले तर बरे होईल.

मडगावकर

ध्वनिमुद्रणाबाबत एक सुचवतो. मोबाइलचा मायक्रोफोन मोठ्या आणि लहान आवाजांना आपोआप एका पातळीवर आणू पाहतो, त्यामुळे डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनमध्ये नेमका ठोका दबतो. शेजारी बसलेल्या व्यक्तीने फोन डावीकडे पायाजवळ, व्हील आर्चच्या आतल्या कार्पेटला टेकवून धरला, तर पत्र्यातून येणारा ठोका बराच स्पष्ट उमटतो. सुरुवातीला किलोमीटरचा आकडा आणि बाहेरचे तापमान दाखवणारा डिस्प्ले चित्रित करावा आणि मग न थांबता पुढचे घ्यावे, म्हणजे ही गाडी कोणती आणि वेळ कोणती यावर वाद राहत नाही. मोठ्या सेवा केंद्रांकडे "चॅसिस इअर" नावाचे साधनही असते. त्याचे चिमट्यासारखे मायक्रोफोन सस्पेन्शनच्या वेगवेगळ्या भागांना लावतात आणि गाडी चालत असताना हेडफोनवर एकेक भाग ऐकतात. त्यांच्याकडे ते नसेल तर कंपनीच्या विभागीय तांत्रिक पथकाकडून मागवता येते का, हे आवर्जून विचारावे.

"मॉडेलचा नॉर्मल आवाज" या उत्तरावर माझ्या भावाने जे केले ते मला फार पटले. त्याची गाडी इलेक्ट्रिक आहे. तिच्यात इंजिनाचा आवाज नसल्याने बारीकसा ठोकाही लपत नाही. शोरूममधली त्याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्हची गाडी त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने, त्याच सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून चालवून दाखवा, अशी त्याने शांतपणे मागणी केली. त्या गाडीत आवाज आला नाही आणि "नॉर्मल" हे उत्तर तिथेच मागे पडले. आवाज आला असता, तर सर्वच गाड्यांत तो येतो हे त्याने लेखी मागितले असते.

वॉरंटीची पुस्तिका मात्र एकदा संपूर्ण वाचावी. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत, गाडीच्या कार्यावर परिणाम न करणारे सामान्य आवाज व कंपने वॉरंटीतून वगळल्याचे कलम असते, आणि काही रबरी भागांची मुदत मूळ वॉरंटीपेक्षा कमी असते. पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीत तर खडखड आणि करकर बहुतेक वेळा सरळ वगळलेली असते. म्हणून जॉब कार्डावर केवळ आवाजाची तक्रार न लिहिता, तो सस्पेन्शनच्या भागातून येतो, तो भाग तपासावा, असे लिहिणे हिताचे आहे. ढिला झालेला जॉइंट हा दोष आहे, आवाज हे त्याचे लक्षण आहे, आणि वगळण्याचे कलम अशा जॉइंटला लावणे त्यांना अवघड जाते.

अ‍ॅडव्होकेट_करवीर

ताई, मी ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे देतो.

वॉरंटीच्या मुदतीत लेखी नोंदवलेली आणि मुदतीत दूर न झालेली तक्रार, मुदत संपली म्हणून आपोआप नष्ट होत नाही. दोष मुदतीत उद्भवला आणि मुदतीत कळवला गेला, हे आपल्याला सिद्ध करता आले पाहिजे. आपली अडचण अशी, की आपल्या जॉब कार्डांवर "जनरल चेकअप" लिहिले आहे आणि "ओके"पुढे आपली सही आहे. ती कार्डे आता बदलता येणार नाहीत, पण त्यांचा अर्थ स्पष्ट करणारा ईमेल आजच पाठवता येतो. त्यात प्रत्येक भेटीची तारीख, जॉब कार्डाचा क्रमांक, त्या वेळचे किलोमीटर, आपण प्रत्यक्षात सांगितलेली तक्रार आणि त्यांनी केलेले काम क्रमाने लिहा, स्प्रेचा उल्लेख करा आणि दोष आजही कायम आहे हे शेवटी नोंदवा. हा ईमेल विक्रेत्याच्या सेवा केंद्राला आणि वाहन उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला, दोघांना एकाच वेळी जावा.

उत्पादकाला कळवणे मी मुद्दाम सांगत आहे. गोव्यातील एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे म्हटले, की विक्रेता आणि उत्पादक यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल आणि विक्रेत्याच्या कृतीची उत्पादकाला माहिती नसेल, तर त्या कृतीसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. तो वाद आवाजाचा नव्हता, जुन्या वर्षाची गाडी विकण्याचा होता. पण त्यातून घेण्यासारखी गोष्ट ही, की उत्पादकाला माहिती होती हे दाखवणारा कागद आपल्या हाती असावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रार जिल्हा आयोगापुढे जाते, कारण गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांच्या आत आहे. आपण जेथे राहता किंवा नोकरी करता तेथील आयोगाकडे ती दाखल करता येते, त्यामुळे कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जाण्याची गरज नाही. गाडीची किंमत ५ ते १० लाख असेल तर शुल्क २०० रुपये आणि १० ते २० लाख असेल तर ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आज घाईने काही दाखल करण्याचे कारण नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते, शुल्क लागत नाही, आणि नोंद झालेली तक्रार कंपनीच्या अशा कक्षाकडे जाते जेथे उत्तर देणारा माणूस नेमलेला असतो. अनेक प्रकरणे त्याच टप्प्यावर सुटताना मी पाहिली आहेत.

कायद्याकडून काय मिळू शकते, याची कल्पनाही स्पष्ट असावी. लिंक किंवा माउंटिंगच्या दोषासाठी संपूर्ण गाडी बदलून मिळेल, अशी आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. क्लचच्या दोषावरून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितले, की वॉरंटीच्या अटींनुसार सदोष भाग बदलून देणे ही जबाबदारी असताना संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. आपली मागणी भाग बदलून देण्याची, दोष दूर करण्याची आणि झालेल्या त्रासाबद्दल वाजवी भरपाईची असावी. नुसत्या म्हणण्यावर उत्पादनातला दोष सिद्ध होत नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येणार नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्यात वेळ जातो. म्हणून तंत्रज्ञाच्या उपस्थितीत आवाज आला आणि त्याने तो जॉब कार्डावर नोंदवला, तर ती एक ओळ पुढे कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाइतकी कामाची ठरते. चित्रीकरणाची मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, कापाकापी करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्या वेळी मूळ फाइल असणे सोयीचे पडते.

मुदत संपण्यास दोन आठवडे उरले आणि तोवर काहीच हालचाल झाली नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवावी, असे माझे मत आहे.

जुना_फोरमन

वकीलसाहेबांच्या बाकीच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण नोटिशीच्या वेळेबाबत माझे मत वेगळे आहे. नोटीस पोहोचली की गाडीची फाइल फ्लोअरवरून उठून कार्यालयात जाते. त्यानंतर मेकॅनिक एक बोल्ट सोडवतानाही वरून परवानगी मागतो आणि जो माणूस मनापासून आवाज शोधणार होता, तो गप्प बसतो. हे मी आतून पाहिले आहे. उत्पादकाचे विभागीय सेवा अधिकारी ठरावीक दिवशी प्रत्येक सेवा केंद्रात येतात. त्यांच्या पुढच्या भेटीच्या दिवशी आपली गाडी तेथे हजर ठेवण्याची लेखी मागणी करावी, आणि ती नाकारली गेली तरच नोटिशीचा विचार करावा. वॉरंटीत भाग बदलण्याची मंजुरी अंतिमतः उत्पादकाकडून येते. सेवा केंद्राला त्या कामाची मजुरीही तोच देतो, त्यामुळे दावा नाकारला जाईल या भीतीने केंद्रे संशयावर भाग बदलायला कचरतात. अधिकाऱ्याने स्वतः ठोका ऐकला की ती भीती राहत नाही.

अ‍ॅडव्होकेट_करवीर

फोरमन साहेबांचा मुद्दा मला मान्य आहे, एका अटीवर: विभागीय अधिकाऱ्याच्या भेटीची तारीख वॉरंटीच्या मुदतीच्या आतली असावी. ती पुढे ढकलली गेली, तर मुदतीतली तक्रार प्रलंबित असल्याने ती वॉरंटीतच हाताळली जाईल, एवढे एक वाक्य सेवा केंद्राकडून ईमेलवर घ्यावे. बहुतेक वर्क्स मॅनेजर ते लिहून देतात, कारण त्यात त्यांचा तोटा नसतो. फोनवरच्या आश्वासनावर थांबू नये. फोन झाल्याबरोबर "आपल्या बोलण्यानुसार" अशी सुरुवात करून तेच त्यांना ईमेलने कळवावे.

निफाडची_वाट

सर्वांना कळवते. वर्क्स मॅनेजरांनी वेळ दिली आणि संध्याकाळी गाडी त्यांच्या आवारात उघड्यावर ठेवली. सकाळी त्यांचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ माझ्यासोबत बसले. मी गाडी आवाराबाहेर काढून समोरचा गतिरोधक तिरका घेतला आणि डावे चाक खाली उतरताच ठोका आला. त्यांनी काही न बोलता मला तेच पुन्हा करायला सांगितले, मग जागा बदलून स्वतः चालवले. परत आल्यावर गाडी पिटवर घेतली. काकांनी सांगितले होते तसे एकाने वरून गाडी डोलवली आणि त्यांनी खालून डाव्या लिंकच्या वरच्या जॉइंटवर बोटे ठेवली. मग मलाही खाली बोलावून हात लावायला सांगितले. रबरी टोपणाच्या आत बारीकसा खट् असा धक्का प्रत्येक हेलकाव्याला लागत होता. टोपणाची कड एका बाजूला चिरलेली होती आणि त्यातून आलेले ग्रीस धुळीने काळे पडलेले होते.

डावी लिंक वॉरंटीत बदलून मिळाली आणि जॉब कार्डावर "ग्राहकाच्या उपस्थितीत आवाज पडताळला, डाव्या लिंकमध्ये प्ले (ढिलाई) आढळला" असे लिहून दिले. मुख्य आवाज पूर्ण थांबला आहे. मात्र उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना तो किंचित झटका तंत्रज्ञांनाही जाणवला. डाव्या स्ट्रटचे माउंटिंग व बेअरिंग मागवले आहे, ते वॉरंटी संपल्यानंतर आले तरी मोफत बसवले जाईल, असा ईमेल वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे घेतला आहे. ते बसवल्यावर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करावे लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडतील, असे काउंटरवर सांगण्यात आले. हे बरोबर आहे का? आणि उजवी लिंकही आत्ताच बदलून मागावी का?

जुना_फोरमन

ताई, काम चांगल्या रीतीने झाले, आणि त्या तंत्रज्ञाचे नाव लिहून वर्क्स मॅनेजरांना कौतुकाचा एक ईमेल जरूर पाठवा. अशा माणसांना ते सहसा मिळत नाही.

लिंक बदलल्याने अलाइनमेंट बिघडत नाही, त्यामुळे त्यासाठी ते करण्याची गरज नव्हती. माउंटिंग बदलताना मात्र स्ट्रट खाली उतरवावा लागतो आणि चाकाचा कोन थोडा बदलू शकतो, म्हणून त्यानंतर अलाइनमेंट तपासणे आवश्यक आहे. ते वॉरंटीच्या कामामुळेच करावे लागत असल्याने त्याचा खर्च त्याच दाव्यात धरावा, अशी मागणी करा. वर्क्स मॅनेजर तसे लिहून पाठवू शकतात. पैसे मागितलेच, तर वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या कलमाच्या आधारे मागत आहात, एवढे ईमेलवर विचारा.

उजव्या लिंकमध्ये आज प्ले नसेल तर ती वॉरंटीत बदलून मिळणार नाही, आणि मिळावी असा आग्रहही धरू नये. पण माउंटिंगच्या दिवशी गाडी पिटवर असेलच, तेव्हा उजव्या लिंकवरही बोटे ठेवून पाहायला सांगा आणि निकाल काहीही असो, तो जॉब कार्डावर लिहून घ्या. बदललेल्या भागाला बहुधा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते, म्हणून नव्या लिंकची नोंद असलेले कार्ड जपून ठेवा. नवीन माउंटिंग बसल्यावर पहिल्या थंड पहाटे तो गतिरोधक दोन्ही बाजूंनी तिरका घेऊन पाहा, आधी डावे चाक चढवून आणि मग उजवे.